मदत हवी आहे: पेंडंटवर मारलेल्या शिक्क्याची शाई वाळतच नाही!

शेवंती_ठाणे:
मंडळी, पंधरा दिवस एकाच गोष्टीशी झटतेय, आता तुम्हीच काहीतरी सुचवा.

आई गेली त्याला दिवाळीत वर्ष होईल. तिची पत्रं काढून बसले होते. प्रत्येक पत्राच्या शेवटी ठरलेलं, 'अनेक उत्तम आशीर्वाद'. त्यातला 'आशीर्वाद' तेवढा स्कॅन करून शिक्केवाल्याकडून रबरी शिक्का करून घेतला. रफार ती असा फेकायची की तो वरच्या ओळीत जाऊन धडकायचा. शिक्क्यात तो जसाच्या तसा आलाय. दिवाळीच्या फराळाला आम्ही मामे-मावस मिळून अकरा बहिणी जमणार, प्रत्येकीला याचं एक पेंडंट द्यायचं मनात आहे.

केलं ते असं: ३० मिमीच्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) चकत्या, भोक आधीच पाडलेलं. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्या, पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात दिले, वाळल्यावर ऑफिसातल्या जांभळ्या स्टॅम्पपॅडने शिक्का मारला. ठसा काय सुरेख उठला! चार दिवसांनी बोट लावलं तर बोट जांभळं. तरी हट्टाने वरून पाण्यातलं वॉर्निश मारलं. ब्रशचा पहिला फटकारा, आणि आशीर्वादाचा ढग.

मग कागदावर शिक्का मारून तो चकतीवर चिकटवला आणि वर रेझिन (ओतल्यावर काचेसारखं कडक होणारं पातळ द्रव्य) ओतलं. शाई जागची हलली नाही, पण कागद बटाटेवड्याखालच्या वर्तमानपत्रासारखा दिसायला लागला.

चकत्या चिक्कार आहेत, शिक्का एकच आहे. तो खराब न होता काय करता येईल?

खटपट्या:
चूक तुमच्या हाताची नाही, शाईची आहे. ऑफिसच्या स्टॅम्पपॅडची शाई कागदात जिरून वाळते. पॅड लवकर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखं काहीतरी असतं. अ‍ॅक्रिलिकचे दोन हात दिल्यावर तुमची चकती म्हणजे प्लॅस्टिकच झाली, शाई जिरणार कुठे? चार दिवस काय, चार महिने ठेवलीत तरी तशीच. वर पाण्यातलं वॉर्निश म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या शाईला पाणी पाजणं.

सॉल्व्हंट शाईचं, म्हणजे पाण्याऐवजी चटकन उडून जाणाऱ्या द्रावकातल्या शाईचं पॅड घ्या. त्सुकिनेको या जपानी कंपनीचं स्टेझऑन ऑनलाइन मिळतं. महाग वाटेल, पण धातू, काच, प्लॅस्टिक, कशावरही काही मिनिटांत वाळतं. म्हणूनच झाकण उघडं टाकून चहाला जाऊ नका. आणि एक लक्षात ठेवा, शाई आणि वॉर्निश एका जातीचं नको. सॉल्व्हंट शाईवर पाण्यातलं वॉर्निश चालतं, सॉल्व्हंटचा स्प्रे मारलात तर पुन्हा ढग.

शिक्का खरंच रबराचा आहे ना? पारदर्शक फोटोपॉलिमरचा असेल तर या शाईचा क्लीनर त्याला लावू नका.

शेवंती_ठाणे:
लालसर रबर आहे, लाकडी मुठीवर. हुश्श.

निळी_दौत:
शेवंतीताई, कागदाचा नाद सोडू नका, मला तेच जास्त आवडतं. रेझिन कागदात शिरलं म्हणून तो तेलकट दिसतोय. आधी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून कागदाला दोन हात द्या. वरून, खालून, आणि मुख्य म्हणजे कापलेल्या कडांना, रेझिन तिथूनच घुसतं. अर्थात फेव्हिकॉलही पाण्यातलं, तेव्हा शाई खटपट्या म्हणतायत तीच हवी. दमट हवेत रेझिनवर धुरकट चिकट थर येतो, त्यामुळे पाऊस नसलेला दिवस बघा आणि २४ तास झाकून ठेवा.

आणखी एक. शिक्का चकतीवर मारू नका, चकती शिक्क्यावर मारा! शिक्का टेबलावर रबर वर करून ठेवायचा, शाई लावायची आणि चकती वरून सरळ खाली टेकवायची. रफार कुठे येतोय ते कडेवरून दिसतं. डुलवायचं नाही, नाहीतर कडेची रेघ दुहेरी उमटते.

मातीकाम:
शाईच नको असेल तर पॉलिमर क्ले, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून कडक होणारी प्लॅस्टिकची माती. शिक्क्याला कॉर्नफ्लोअरची पुरचुंडी थोपटून मातीत दाबायचा, पाकिटावर लिहिलेल्या तापमानाला (११० ते १३० अंशांतलं काहीतरी असतं) अर्धा तास भाजायचं, गार झाल्यावर खाचांत अ‍ॅक्रिलिक चोळून ओल्या फडक्याने वरचं पुसायचं. शिक्क्याची खोली कमी असेल तर मात्र बारीक रेघा हरवतात. केकचा ट्रे यासाठी वापरू नका.

शेवंती_ठाणे:
आठ दिवसांनी आले. पॅड आलं, काळं घेतलं. उलटं टेकवायची युक्ती म्हणजे कमाल, नऊ चकत्या झाल्या, दोनच वाया. पाण्यातलं वॉर्निश मारलं, काही हललं नाही. मातीचाही एक करून पाहिला, पण त्यात रफार गेला, आणि रफार नाही तर ते आईचं नाही.

आता नवीनच दुखणं. भोकातून कडी घालताना एमडीएफचा पदर सुटतोय. यावर काही?

खटपट्या:
टूथपिकच्या टोकाने भोकाच्या आत फेव्हिक्विक जिरवा, एक थेंबसुद्धा जास्त होईल. वाळल्यावर कडा दगडासारखी होते. वाळेपर्यंत चकती उघड्यावर असू द्या, डबीत बंद केलीत तर पांढरी झाक चढेल, तीही नेमकी अक्षरांवर.