मदत हवी आहे: कॉन्फरन्समध्ये लाइव्ह डेमो, नेटचा भरवसा नाही

अर्धविराम:
वेब डेव्हलपर्सच्या कॉन्फरन्समध्ये २५ मिनिटांचं सेशन आहे. विषय: नेट गेलं तरी चालणारं वेब ॲप. सर्व्हर लॅपटॉपवर पोर्ट ३००० ला (पोर्ट म्हणजे यंत्रावरचा जोडणीचा क्रमांक), ॲप अँड्रॉइड फोनवर, फोनचा स्क्रीन प्रोजेक्टरवर. फोनमध्ये लॅपटॉपचा वाय-फायवरचा १९२.१६८ वाला पत्ता टाकला की पान उघडतं, पण सर्व्हिस वर्कर (नेट नसताना साठवलेलं पान पुरवणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) नोंदवलाच जात नाही. 'नेव्हिगेटर डॉट सर्व्हिसवर्कर'ची किंमत 'अनडिफाइंड' येते. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये मात्र सगळं सुरळीत. शिवाय हॉलमधल्या वाय-फायवर विसंबू नका, असं आयोजकांनीच कळवलंय. काय करावं?

पोर्टवाला:
सर्व्हिस वर्करला एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) लागतं, सूट फक्त लोकलहोस्टला, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्याला. १९२.१६८ हा ब्राउझरच्या लेखी परका, असुरक्षित पत्ता. म्हणून फोनलाच लोकलहोस्ट दाखवा, वाय-फाय मध्ये आणूच नका. फोनवर यूएसबी डीबगिंग सुरू करा, केबल जोडा आणि लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये एडीबी या अँड्रॉइडच्या डीबगिंग साधनाची ही ओळ

एडीबी रिव्हर्स टीसीपी:३००० टीसीपी:३०००

द्या. आता फोनमध्ये लोकलहोस्ट:३००० उघडलं की ते केबलमधून लॅपटॉपच्या सर्व्हरवर जातं. एपीआय (ॲप जिथून डेटा मागतं तो भाग) किंवा वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) दुसऱ्या पोर्टवर असेल तर त्याच्यासाठीही हीच ओळ वेगळी द्यावी लागते. हे हमखास राहून जातं. मग पान येतं पण डेटा येत नाही.

हॉलचं वाय-फाय चाललं तरी पुष्कळदा त्यावर क्लायंट आयसोलेशन लावलेलं असतं, म्हणजे एकाच नेटवर्कवरची दोन यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत. गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचे तर हालच होतात, कारण तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल्स तीनच: १, ६ आणि ११.

फोनचा स्क्रीन दाखवायला 'एस-सी-आर-सी-पी-वाय' हे फोनचा स्क्रीन लॅपटॉपवर दाखवणारं साधन वापरा, तेही त्याच केबलवरून चालतं.

अर्धविराम:
चाललं! धन्यवाद. पण आता नवाच घोळ. फोन एअरप्लेन मोडवर टाकला तरी ॲपला सर्व्हर मिळतोच आहे. 'नेट गेलं' हे दाखवायचं कसं?

पोर्टवाला:
मिळणारच. एअरप्लेन मोडने रेडिओ बंद होतात, केबल नाही. 'एडीबी रिव्हर्स --रिमूव्ह-ऑल' दिलं की वाट तुटते. सर्व्हर बंद केलात तरी फोनच्या दृष्टीने तेच.

जुनी_शाखा:
+१, पण एवढ्याने भागेलच असं नाही. 'तुम्ही ऑफलाइन आहात' ही पट्टी 'नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन' बघून येत असेल, तर सर्व्हर मेल्याचं त्याला कळतच नाही. ते फक्त यंत्राला नेटवर्क आहे का एवढंच सांगतं. आणि उलट, नुसत्या एअरप्लेन मोडमध्ये पट्टी येते पण विनंत्या केबलवरून जातच राहतात. म्हणून दोन्ही करा: आधी रिव्हर्स काढा, मग प्रेक्षकांसमोर एअरप्लेन मोड लावा. (खरं तर ॲपने विनंती फसल्यावरच पट्टी दाखवावी, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

आणखी एक. सर्व्हिस वर्कर ओरिजिनला (साइटच्या मूळ पत्त्याला) बांधलेला असतो आणि ओरिजिनमध्ये पोर्टही येतो. लोकलहोस्ट:३००० वर पूर्वी दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टचा वर्कर नोंदवलेला असेल, तर तो तुमच्या डेमोऐवजी ते जुनं पान पुढे करेल. डेमोला कुठेच न वापरलेला पोर्ट द्या, उदाहरणार्थ ४३१७. नवा वर्करही जुन्या वर्करचे सगळे टॅब बंद होईपर्यंत 'वेटिंग'मध्ये बसून राहतो. डेव्हटूल्समधलं (ब्राउझरमधल्या डेव्हलपर साधनांमधलं) 'अपडेट ऑन रिलोड' फक्त डेव्हटूल्स उघडे असताना लागू होतं.

अर्धविराम:
पोर्ट बदलला. मागच्या रांगेला दिसावं म्हणून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये २०० टक्के झूम केलं, तर डाव्या बाजूची यादीच गायब झाली.

जुनी_शाखा:
ब्रेकपॉइंट (ज्या रुंदीला मांडणी बदलते तो आकडा) ओलांडलात. १९२० पिक्सेलच्या खिडकीत २०० टक्के झूम म्हणजे सीएसएसच्या हिशेबात रुंदी ९६०. तुमचा मांडणी बदलायचा आकडा बहुधा १०२४ असणार. प्रोजेक्टर १२८० चा निघाला तर ६४०, म्हणजे थेट मोबाइलची मांडणी. झूम सोडा. आकार रेममध्ये (रूटच्या, म्हणजे पानाच्या मूळ फॉन्टच्या पटीत) असतील तर रूटचा फॉन्ट-साइझ डेमोपुरता १६ ऐवजी २६ पिक्सेल करा. सीएसएसमधून रूटचा आकार बदलला तरी मीडिया क्वेरीवर (रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या अटींवर) परिणाम होत नाही, त्यामुळे यादी जागेवर राहते.

एडिटरमध्ये एका वेळी २० ते २४ ओळी दिसतील एवढा फॉन्ट ठेवा, मिनिमॅप (कडेला दिसणारा कोडचा छोटा नकाशा) बंद, थीम उजळ. रेकॉर्डिंग होणार असेल तर गडद थीमवरची बारीक रंगीत अक्षरं हमखास फिसकटतात, कारण व्हिडिओत रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवली जाते.

अर्धविराम:
कोड तिथेच टाइप करू का? पाच टप्पे आहेत.

पोर्टवाला:
नको. २५ मिनिटांत टाइप करण्यात आणि चुका शोधण्यात निम्मा वेळ जाईल. प्रत्येक टप्प्याला गिट टॅग (कोडच्या त्या अवस्थेला नाव) लावा आणि 'गिट चेकआउट -एफ टप्पा-३' असं पुढे सरका. 'एफ' नसेल तर मध्येच केलेल्या किरकोळ बदलामुळे गिट अडून बसू शकतं. सगळी पॅकेजेस पहिल्या टप्प्यातच बसवून ठेवा, नाहीतर चौथ्या टप्प्यावर नवं पॅकेज हवं असेल आणि नेट नसेल. बाहेरून येणारे फॉन्ट आणि स्क्रिप्टही प्रोजेक्टमध्येच उतरवून घ्या.

अर्धविराम:
शेवटचं. लॅपटॉपला दोनच यूएसबी-सी पोर्ट आहेत. चार्जर, एचडीएमआय, फोन… कसं बसवू?

जुनी_शाखा:
हब घ्या, पण चार्जर हबमधून लावणार असाल तर तो मध्ये काढू-घालू नका. त्या झटक्यात बरेच हब क्षणभर सगळंच तोडून पुन्हा जोडतात आणि रिव्हर्सचा नियम पुसला जातो. ती ओळ टर्मिनलच्या एका टॅबमध्ये तयारच ठेवा. हब चित्र देणाऱ्या पोर्टलाच लावा, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. लॅपटॉपचा डिस्प्ले १२० हर्ट्झचा असेल तर बाहेरचं आउटपुट १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झवर नेऊन ठेवा.

अर्धविराम:
हब आहे, आज रात्री सगळं जोडून वाय-फाय बंद ठेवूनच पूर्ण डेमो चालवतो. अडलं तर इथेच विचारतो.