फ्रँक रोझ: धाडसी माणूस की नुसता हुशार मॅनेजर?

कट्टेकरी: अमेरिकेतलं अलाबामा विद्यापीठ म्हटलं की सगळ्यांना ११ जून १९६३ चा गव्हर्नर वॉलेसच आठवतो, फॉस्टर ऑडिटोरियमच्या दारात उभा राहून विवियन मेलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवणारा. पण त्या दिवशी तिथे एक दगड उडाला नाही, त्याचं क्रेडिट विद्यापीठाचा अध्यक्ष फ्रँक रोझला कोणी देतच नाही! आदल्याच वर्षी शेजारच्या मिसिसिपीत तिथल्या विद्यापीठातल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यावरून, जेम्स मेरेडिथवरून, रात्रभर दंगल, दोन माणसं मेली. इथे दोघं त्याच दिवशी ॲडमिशन घेऊन मोकळे.

खडूस काकू: क्रेडिट कसलं डोंबलाचं. १९५६ ला ऑथरिन लूसी आली, अलाबामाची पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी, जमाव अंगावर धावून गेला तर "तुझ्याच सुरक्षेसाठी" म्हणून तिलाच सस्पेंड केलं आणि ती कोर्टात गेली म्हणून कायमचं काढलं. ते रोझच्या आधीचं, मान्य. पण हा १९५८ ला आला आणि पहिली पाच वर्षं एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नाही, वर्णावरून प्रवेश नाकारू नका हा कोर्टाचा १९५५ चा आदेश तसाच लागू असताना!

कट्टेकरी: काकू, ट्रस्टींच्या बोर्डावर पदसिद्ध अध्यक्ष कोण, तर गव्हर्नरच. हा भांडला असता तर घरी गेला असता आणि जागी कोण आलं असतं?

रात्रपाळी: "मी नसतो तर अजून वाईट आला असता" हे आमचे साहेब पण दर अप्रेजलला ऐकवतात 😄

हंट्सव्हिलकर: मी फॉस्टरसमोर जाऊन आलोय, आता तिथे लूसीच्या नावाचा घड्याळ मनोरा आहे. एक गोष्ट विसरू नका, वॉलेस दारात भाषण ठोकत होता ना, त्यानंतर केंद्राचा माणूस कॅट्झेनबाक विवियनला थेट हॉस्टेलवर घेऊन गेला आणि तिच्या खोलीची किल्ली तयार होती. गव्हर्नर अजून दार अडवून आहे आणि पोरगी तिच्या खोलीत! आतल्या कोणाचीतरी तयारी असल्याशिवाय हे होत नाही.

खडूस काकू: किल्लीचं श्रेय दिलं, घ्या. पण लूसीची हकालपट्टी रद्द व्हायला १९८८ उजाडलं, १९९२ ला ती तिथूनच एमए झाली, त्याच समारंभात तिच्या लेकीलाही डिग्री. १९६९ पर्यंत खुर्चीत होता ना हा? एक ठराव बोर्डापुढे ठेवायला काय झालं होतं?