शब्द हवा: अल्झायमरमधल्या 'दिमाग की सूजन'ला मराठीत काय म्हणायचं?

रामबागवाली: इंदूरला आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात परवा अल्झायमरवर एका डॉक्टरांचं बोलणं झालं, सगळं हिंदीत, त्याचं मराठी टिपण माझ्या गळ्यात पडलंय. 'मेंदूला सूज' आणि 'प्रतिकारशक्तीत बदल' असं लिहिलं तर एक मावशी लगेच म्हणे, मग यांना च्यवनप्राश वाढवायचं का?

बडोदेकर: सूज नका लिहू हो ताई. मेंदूला सूज म्हटलं की आपल्याला मेंदूज्वर नाहीतर डोक्याला मार असंच वाटतं, माणूस आयसीयूत. अल्झायमरमध्ये मेंदू उलट आक्रसतो, जे काय चालतं ते पेशींमध्ये आणि वर्षानुवर्षं. दाह लिहा.

ग्वाल्हेरी: +१. आणि खरी सूज वेगळीच आहे ना, लेकानेमॅब म्हणून अमायलॉइडवरची (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) जी अँटिबॉडी, म्हणजे औषध, अमेरिकेत 2023 ला मंजूर झाली तिच्याने काही पेशंटना मेंदूला खरंच सूज येते, कधी बारीक रक्तस्रावही, म्हणून एमआरआय करत राहतात. दोन्हीला सूजच म्हटलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

रामबागवाली: पण इथल्या हिंदीत मुरलेल्या कानांना दाह म्हणजे दाहसंस्कार 😅

बडोदेकर: हाहा, मग 'पेशींचा दाह' करा. प्रतिकारशक्ती मात्र काढाच, शक्ती म्हटलं की कमी झाली की वाढली एवढंच सुचतं, मावशींचं च्यवनप्राश तिथूनच आलं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात, साफसफाई आणि पहारा त्यांच्याकडे, त्या अमायलॉइडच्या गुठळ्यांभोवती जमतात, थोडं गिळतातही, पण गुठळ्या काही संपत नाहीत आणि या चवताळलेल्याच राहतात, सायटोकाइन (दाह वाढवणारी रसायनं) सोडत बसतात, उंदरांत तर चांगले सिनॅप्स, म्हणजे मज्जापेशींमधले जोड, खाताना दिसल्यात. म्हणजे सफाई कमी पडते आणि दाह जास्त, दोन्ही एकदम. 2013 ला ट्रेम-टू जीनमधला एक बदल सापडला, तो असला तर अल्झायमरचा धोका साधारण तिप्पट, आणि मेंदूत तो जीन चालतो मुख्यतः मायक्रोग्लियातच. 'प्रतिकारयंत्रणा' लिहा.

ग्वाल्हेरी: यंत्रणा म्हटलं की मला कलेक्टर ऑफिस दिसतं, पण ठीके, शक्तीपेक्षा बरं.

रामबागवाली: फायनल, 'प्रतिकारयंत्रणेतला बिघाड' आणि 'पेशींचा दाह'. आता कोणीतरी विचारणारच, दाह आहे तर ब्रुफेन देऊ का?

बडोदेकर: तेही टिपणात टाका मग. ब्रुफेनच्याच जातीच्या नॅप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब या गोळ्या देऊन ट्रायल झाल्यात, अल्झायमरला फायदा दिसला नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पोटाला, किडनीला त्रास होतो तो वेगळा.