कपडे गोळा करण्यापूर्वी आणि गोळा केल्यानंतर : तुमचे अनुभव लिहा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की घराघरांतून जुन्या कपड्यांची गाठोडी निघतात. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत गेली सहा वर्षे आम्ही काही जण हे कपडे एकत्र करून गरजूंपर्यंत पोहोचवण्याचे काम करतो. या वर्षी कामाला लागण्यापूर्वी इतरांचे अनुभव वाचावेत अशी इच्छा आहे. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी लिहावेच, पण ज्यांच्या हातात असे कपडे पडले आहेत त्यांनी संकोच न बाळगता लिहिले, तर आमच्यावर अधिक उपकार होतील. सुरुवात मी करते.

पहिल्या वर्षी आम्ही लिफ्टशेजारी ‘जुने कपडे द्या’ एवढीच सूचना लावली होती. चार दिवसांत सभागृहात ४१ पोती जमली आणि आम्हाला फार आनंद झाला. तो आनंद पोती उघडेपर्यंतच टिकला. कोणीतरी अर्धवट वाळलेला टॉवेल कोंबल्यामुळे एका पोत्यातल्या सगळ्या कपड्यांना कुबट वास लागला होता. विटलेले बनियन, नाडी नसलेले परकर, एकेकटे मोजे आणि फाटक्या उशांचे अभ्रे यांची वर्गवारी करण्यात आठ बायकांचे तीन रविवार गेले. त्याच ढिगात एका पिशवीत मुलींचे सहा फ्रॉक निघाले. सहाही धुऊन इस्त्री केलेले होते आणि प्रत्येकाच्या गळ्याशी सेफ्टी पिनने एक चिठ्ठी लावलेली होती : ‘वय ४ वर्षे’, ‘वय ५ ते ६, उंच मुलगी’. ती पिशवी कोणी ठेवली हे अजूनही कळलेले नाही. दुसऱ्या वर्षापासून आमच्या सूचनेत ‘कपडा धुऊन, वाळवून, वयाची चिठ्ठी लावून द्यावा’ असे वाक्य आले, ते त्या पिशवीमुळे. पोत्यांची संख्या ४१ वरून १९ वर आली आणि टाकून द्यावे लागणारे कपडे जवळजवळ संपले.

सोलापूर, निवृत्त बँक कर्मचारी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन करून गावे झोपली होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर मी तिथे पोहोचलो, तेव्हा राज्यभरातून कपड्यांचे ट्रक येऊ लागले होते. देणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आजही आदरच आहे, परंतु आलेले कपडे ठेवायला जागा नव्हती, वेगळे करायला माणसे नव्हती आणि वरून पाऊस होता. उघड्यावर उतरवलेली गाठोडी भिजली आणि दोन दिवसांत वापरण्याच्या पलीकडे गेली. गावातल्या म्हाताऱ्या बायका नऊवारी लुगडे नेसणाऱ्या होत्या आणि आमच्याकडे होते सलवार-कमीज आणि सहावारी साड्या. एका आजींना मी सहावारी साडी दिली, तेव्हा त्यांनी ती उलगडून हाताने मापली, पुन्हा नीट घडी घातली आणि शेजारच्या तरुण सुनेच्या मांडीवर ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर मी सोलापुरातल्या दोन पेठांतून फिरून फक्त लुगडी मागितली. बावीस मिळाली आणि ती बावीसही त्याच दिवशी अंगावर गेली.

बारामतीजवळील गाव, शेतकरी

आमच्या भागात दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. आम्ही गावातील तरुणांनी त्यांच्यासाठी कपडे जमवायचे ठरवले, तेव्हा माझी आई म्हणाली, “आधी कोप्यांवर जाऊन विचारून या.” आम्ही गेलो आणि जे ऐकले, ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आले नव्हते. तिथल्या बायकांनी साड्या मागितल्या नाहीत. त्यांनी पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट मागितले.

उसाच्या पात्याची कड धारदार असते आणि त्यावरची बारीक कूस कातडीत शिरली की दिवसभर आग होते. म्हणून तोडणी करणारी बाई साडीवर पुरुषी शर्ट घालते, त्याची मनगटाची बटणे लावते आणि डोक्याला फडके गुंडाळते. असे शर्ट एका हंगामात दोन-तीन तरी फाटतात. शहरात कार्यालयात जाणाऱ्या माणसाचे कॉलर झिजलेले, फिकट निळे-पांढरे शर्ट ‘हे काय द्यायचे’ म्हणून बाजूला पडतात. इथे कॉलरशी कोणाला काही देणेघेणे नसते, फक्त बाही अखंड आणि कापड जाड हवे. पुण्यातल्या माझ्या मेहुण्याने त्याच्या कार्यालयातून १३० शर्ट जमवून दिले आणि एकही शिल्लक राहिला नाही.

दुसरी मागणी होती लहान मुलांच्या लोकरी टोप्यांची. आई-बाप पहाटे फडावर निघतात, तेव्हा तान्ह्या मुलांनाही बरोबर घ्यावे लागते आणि डिसेंबरातल्या त्या वेळच्या गारठ्यात मुलाचे डोके-कान झाकलेले असणे हीच त्यांची पहिली काळजी असते. पायमोजेही मागितले होते. साड्याही आम्ही दिल्या आणि त्या घेतल्याही गेल्या, पण दुसऱ्या वर्षी टोळी आली तेव्हा मुकादमाच्या बायकोने पहिला प्रश्न विचारला तो शर्टांचाच.

जव्हार तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो आहे. आमच्या पाड्यावरच्या शाळेत दर हिवाळ्यात मुंबई-ठाण्याकडून कोणी ना कोणी कपडे घेऊन येते आणि मुलांना त्यांचा खरोखर उपयोग होतो, हे प्रथम सांगतो. मात्र अनेकदा मंडळी न कळवता येतात, मुलांना पटांगणात रांगेत उभे करतात आणि प्रत्येकाच्या हातात कपडा देताना छायाचित्र काढतात. एकदा सातवीतल्या एका मुलीने छायाचित्राच्या वेळी मान फिरवली, तेव्हा तिला “हस की जरा” असे सांगण्यात आले. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो, तेव्हा तिचे वडील शांतपणे म्हणाले की आम्हाला स्वेटर नको, गुरुजी.

त्यानंतर मी येणाऱ्यांपुढे एक अट ठेवतो. कपडे आदल्या दिवशी शाळेत पोहोचवावेत. मी वर्गात सतरंजीवर ते मापाप्रमाणे मांडतो, मुले पालकांबरोबर येतात आणि आपल्याला आवडेल ते उचलतात. कोणाला लाल आवडतो, कोणाला खिसे असलेला हवा असतो, आणि निवड करताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते रांगेत कधीच दिसले नव्हते. ही अट ऐकून दोन गट पुन्हा आले नाहीत. जे आले, ते दरवर्षी येतात आणि निघण्यापूर्वी मला फोन करून पटाप्रमाणे मुलामुलींची संख्या विचारून घेतात.

चिपळूण, गृहिणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेलो. पाणी ओसरल्यावर कपाट उघडले, तर प्रत्येक घडीत चिखल होता. मी आयुष्यभर देणाऱ्यांत होते. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा घेणाऱ्यांत उभी राहिले, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे वाटते.

पहिल्या दोन दिवसांत बाईला साडी लागत नाही. तिला कोरडे अंतर्वस्त्र, परकर, गाऊन आणि पॅड लागतात, आणि नेमक्या याच गोष्टी कोणी देत नाही, कारण जुन्या देता येत नाहीत आणि नव्या द्याव्यात हे सुचत नाही. साताऱ्याकडून आलेल्या काही मुलींनी प्रत्येक घरासाठी कागदी पिशवी बांधून आणली होती : एक नवा गाऊन, दोन नवी अंतर्वस्त्रे, पॅडचे पाकीट, एक टॉवेल आणि कपड्यांचा साबण. पिशवीवर माप लिहिलेले होते. मला माझ्या मापाची पिशवी एका मुलीने बाजूला नेऊन दिली. ते ‘बाजूला नेणे’ मी विसरणार नाही.

त्याच संध्याकाळी दुसरीकडे एक टेम्पो आला आणि त्याच्या फळीवर उभे राहून कपडे खाली टाकले जात होते. मी तिकडे गेले नाही. ते कपडे नंतर चिखलाबरोबर गटाराच्या तोंडाशी अडकले आणि आधीच थकलेल्या सफाई कामगारांना ते उपसावे लागले.

दिल्ली, मूळ नागपूरच्या

मी इथे ‘गूंज’ या संस्थेच्या संकलन केंद्रावर काही वर्षे सुट्टीच्या दिवशी काम केले आहे. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये स्वतःच्या घरातल्या ६७ कपड्यांपासून हे काम सुरू केले आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या दृष्टीने त्यांच्या कामाचा गाभा असा की कपडा भीक म्हणून द्यायचा नाही. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर खोदली, रस्ता दुरुस्त केला, तळ्यातला गाळ काढला की त्या श्रमाचा सन्मान म्हणून कपड्यांचा संच दिला जातो. काम कोणते करायचे हे गाव ठरवते. वापरण्याजोगे नसलेले सुती कापडही तिथे वाया जात नाही, ते धुऊन, कापून त्याचे पॅड बनवले जातात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत कपड्यांचे ढीग पडून राहिले होते, त्यांवरही या संस्थेने काम केले. वर्गवारीच्या टेबलावर आम्हाला पहिल्या दिवशी एकच प्रश्न शिकवला गेला : हा कपडा मी माझ्या मावशीला देईन का?

सातारा, महिला बचत गटातील सदस्य

वरच्या अनुभवाला जोडून लिहिते. विरलेल्या सुती साड्या आणि धोतरे आम्ही कधीच टाकत नाही. आमच्या गटातल्या सासवा त्यांच्या गोधड्या शिवतात. वर आणि खाली बरी साडी, आत विरलेल्या कापडाचे थर, आणि चारी बाजूंनी आत वळत जाणारा धावदोरा. सिंथेटिक साडी आत घातली तर थर सरकतात आणि गोधडी ऊब धरत नाही, म्हणून संकलन करतानाच ‘सुती’ आणि ‘इतर’ अशी दोन खोकी ठेवावीत. गेल्या हिवाळ्यात आम्ही ३४ गोधड्या एका वसतिगृहाला दिल्या. जे कापड गोधडीतही जात नाही, ते बोहारणीला दाखवतो. कापडाचा कस तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो आणि तिचाही संसार त्यावर चालतो.

नाशिक, शाळेतील ग्रंथपाल

आई गेल्यानंतर तिच्या साड्या मी दीड वर्ष कपाटात तशाच ठेवल्या होत्या. देताना मनात शंका होती की गेलेल्या माणसाचे कपडे घेणाऱ्याला चालतील का, आणि न सांगता देणे मला बरोबर वाटेना. मी संकलन करणाऱ्या ताईंना स्पष्ट सांगितले. त्यांनी साड्या वेगळ्या ठेवल्या आणि वाटपाच्या वेळी घेणाऱ्या बायकांनाही सांगितले. दोघींनी नको म्हटले. एकीने आईची जांभळी इरकल घेतली आणि “त्यांचे नाव काय होते?” असे विचारले.

डोंबिवली, शिवणकाम करणारे

माझा अनुभव थोडा आहे. संकलनाच्या ठिकाणी मी दोन वर्षे माझे मशीन नेऊन ठेवतो. तुटलेले बटण, उसवलेली शिवण, बिघडलेली चेन आणि गेलेले इलॅस्टिक या चार कारणांनी चांगले कपडे बाद होतात आणि प्रत्येकाला पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. जे कपडे खरोखर बाद करायचे, त्यांची बटणे आणि चेन आधी काढून घ्याव्यात. माझ्याकडे अशा बटणांचा एक बिस्किटांचा डबा भरला आहे. ठाण्याच्या ताईंना या वर्षी हवा असेल तर डबा आणि मशीन दोन्ही घेऊन येतो, फक्त रविवार असावा आणि खोलीत विजेची जोडणी असावी.