‘शांताराम महिना’ : क्रम थोडा बदलूया

महिनाभर दर रविवारी व्ही. शांताराम यांचा एक चित्रपट घरी बघायचा, त्यासाठी ‘अयोध्येचा राजा’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ अशी यादी सुचवली गेली आहे. माझं मत, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पौराणिकपटांच्या महिन्यात ढकला. उरलेले तिघे (१९३७, १९३९, १९४१) सामाजिक, त्याच क्रमाने बघा. चौथ्या रविवारी ‘शेजारी’चं हिंदी रूप ‘पडोसी’. गजानन जागीरदारांनी केलेला मुसलमान शेजारी मिर्झा दोन्हीकडे आहे, पण मराठीत केशवराव दात्यांनी केलेला हिंदू मित्र हिंदीत मझहर खान करतात. हिंदू नटाने मुसलमान आणि मुसलमान नटाने हिंदू रंगवायचा, ही गंमत फक्त हिंदीत आहे.

‘कुंकू’ला अडीच तासांहून जास्त वेळ धरा. त्यात पार्श्वसंगीत नाही; गाण्यांनाही दृश्यातलेच आवाज साथीला. ग्रामोफोन लावून शांता आपटे इंग्रजी कविता म्हणतात तिथे हे नीट कळतं. त्यामुळे टीव्हीचा ‘सराउंड’ (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारी सोय) बंदच ठेवा, जुन्या प्रतीची खरखर उगाच फुगते.

हे चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीचे. टीव्ही ‘१६:९’वर असेल तर माणसं बुटकी दिसतात आणि ‘झूम’ केलं की डोकी छाटली जातात. ‘४:३’ निवडा, बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू देत. आवाज किंचित चिरका वाटला तर प्रत सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) वेगाने उतरवलेली असू शकते. १०० मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो. व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरमध्ये नुसता वेग ०.९६ करून उपयोग नाही, कारण वेग बदलला तरी तो आवाजाचा सूर आहे तिथेच धरून ठेवतो. आधी ती सूर-दुरुस्ती बंद करा.