दाजींचा खोकला, फरशीची धूळ आणि तपासणीविषयी

प्रश्न : जुळे सोलापूरकर

नमस्कार. माझे दाजी वीसेक वर्षांपासून सोलापुरात फरशी बसवण्याचे काम करतात. पूर्वी शहाबादी फरशीचे काम अधिक असे. आता व्हिट्रिफाइड टाइल्स आणि ग्रॅनाइटचे ओटे हेच मुख्य झाले आहे. कापण्याचे सगळे काम हातातल्या ग्राइंडरवर, बहुधा दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत आणि कोरडेच चालते. काही महिन्यांपासून त्यांना कोरडा खोकला आहे व जिना चढताना धाप लागते. जवळच्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी समजून औषध दिले. त्यांनी व्यवसाय विचारला नाही आणि दाजींनीही सांगितला नाही. "तोंडाला रुमाल असतो, संध्याकाळी गूळ खातो, धूळ उतरून जाते," यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. आपल्या भागातला दगड काळा असल्यामुळे त्रास होत नाही, असेही कामावरचे लोक सांगतात. यात तथ्य किती आहे आणि तपासणी कोणती करून घ्यावी?

उत्तर : छातीविकार विभागातील एक

काळ्या दगडाबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. सोलापूरचा बेसाल्ट किंवा शहाबादचा चुनखडीचा दगड यांत मुक्त सिलिका (वाळूतही असणारे कठीण खनिज) कमी असते, म्हणून त्यांची धूळ त्रासदायक असली तरी सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसांत व्रण पडण्याच्या आजाराचा, धोका तुलनेने कमी असतो. ग्रॅनाइटमध्ये मात्र साधारण चौथा ते तिसरा हिस्सा क्वार्ट्झ, म्हणजे मुक्त सिलिकाच, असते, व्हिट्रिफाइड टाइलमध्येही ते असते, आणि सध्या ओट्यांसाठी मिळणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत तर नव्वद टक्क्यांहून अधिक असू शकते. या लाद्यांवर काम करणाऱ्या तरुण कारागिरांना गंभीर सिलिकोसिस झाल्याचे आढळल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यांच्यावर बंदीच घातली. म्हणजे दाजींच्या कामाचे नाव तेच राहिले असले तरी धूळ बदलली आहे.

गूळ अन्ननलिकेतून जठरात जातो, फुफ्फुसात नाही, आणि रुमालाच्या विणीतून घातक कण सहज पार होतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. साधारण चार-पाच मायक्रॉनहून लहान कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथल्या पेशी त्यांना गिळून मरतात आणि हळूहळू व्रण तयार होतात. हे व्रण भरून येत नाहीत व काम सोडल्यानंतरही ते वाढू शकतात.

छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी) दोन्ही करावे, कारण सुरुवातीला स्पायरोमेट्री सामान्य येऊ शकते. एक्स-रेवरील बारीक ठिपके क्षयरोगासारखे दिसतात आणि सिलिकोसिस असलेल्यांना क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. म्हणून थुंकीची तपासणी टाळू नये. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे कोणता दगड, किती वर्षे आणि कोरडा की ओला कापला, हे दाजींनी डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. विडी-सिगारेट असेल तर तीही सांगावी आणि सोडावी.

उत्तर : साईटवरचा पर्यवेक्षक, होटगी रोड

औषधाचे डॉक्टर सांगतील, मी कामाचे सांगतो. मास्क हा शेवटचा उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा एन-95 मास्क तासभरसुद्धा कोणी टिकवत नाही, आणि दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसतही नाही. त्यामुळे धूळ उडूच नये यावर भर द्यावा. पाण्याची नळी जोडलेला कटर वापरून बाहेर अंगणात कापल्यास फरक लगेच दिसतो. परंतु साध्या हात-ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतू नये, विजेचा धक्का बसतो. ओल्या कामासाठी बनवलेले यंत्र घ्यावे आणि गळती आढळताच वीज तोडणारा ईएलसीबी असलेल्या जोडणीवरूनच ते चालवावे.

दिवसअखेरीचा कोरडा झाडू तेवढाच वाईट आहे, कारण बसलेली बारीक धूळ तो पुन्हा उडवतो. पाणी मारून किंवा ओला भुसा टाकून झाडावे. खोलीत पंखा लावल्याने कापणाऱ्याला बरे वाटते आणि बाजूच्या बिगाऱ्याच्या तोंडावर सगळे जाते. कपडे घरी नेऊन अंगणात झटकणेही बंद करावे. लेकरे तिथेच खेळत असतात. ठेकेदार "पाण्याने काम लांबते" म्हणतो. लांबते खरे, पण चिखल पुसायला लागणाऱ्या वेळापुरतेच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. दाजींना काम थांबवणे परवडणारे नाही. निदान झाल्यास काही भरपाई मिळते का?

उत्तर : कामगार नोंदणी मदत

सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य आजार आहे. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचे नाव होते; नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा घेतलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही ते आहे. अडचण आजार सिद्ध करण्यापेक्षा नोकरी सिद्ध करण्यात येते, कारण फरशीवाल्याचा ठेकेदार दर दोन महिन्यांनी बदलतो आणि हजेरीपत्रक कुठेच नसते. त्यामुळे आजपासूनच ठेकेदाराचे नाव, साईटचा पत्ता आणि तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. मजुरी बँकेत किंवा फोनवरून आल्यास तो पुरावाही जपावा. दाजींचे वय 18 ते 60 मध्ये असेल आणि मागील वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळत असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. जुने कार्ड असल्यास त्याचे नूतनीकरण आधी तपासावे, कारण मुदत संपलेल्या कार्डावर योजनांचा लाभ मिळत नाही. आजारपणाच्या कागदांवर डॉक्टरांकडून व्यवसायाचा उल्लेख लेखी करवून घ्यावा. "खोकला, ॲलर्जी" एवढ्याच नोंदीवर पुढे काही सिद्ध होत नाही.