मदत हवी आहे: आजोबांच्या ट्रंकेत काडतुसं भरायचं जुनं मशीन निघालंय, नेमकं कोणतं आणि घरी ठेवता येईल का?

नमस्कार मंडळी, लालबागची आमची चाळ रीडेव्हलपमेंटला जातेय, म्हणून पोटमाळा रिकामा करतोय. तिथे आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पितळी मशीन मिळालं, आई म्हणाली शेवयांचा सोऱ्या असेल, कारण खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू आहे आणि बाजूला फिरवायचं हँडल. पण हँडल फिरवलं की आत एक वाटीसारखी चकती फिरते, तिच्या आतल्या कडेला खाच आहे, आणि समोरचा दांडा दाबला की मधली नळी त्या चकतीकडे सरकते. अंगावर फक्त १२ कोरलंय, कंपनीचं नाव नाही. सोबत एक लाकडी दट्ट्या, आणि एक पितळी माप ज्यावर शेफील्डच्या जेम्स डिक्सनचा शिक्का आहे आणि ड्रॅमचे आकडे. पुठ्ठ्याची चार-पाच रिकामी काडतुसंही आहेत, बुडाला पितळ.

आजोबांकडे गावी संगमेश्वरला लायसनची बारा बोअर बंदूक होती, रानडुकरं शेत उकरायची म्हणून. ते गेल्यावर काकांनी ती पोलिसांकडे रीतसर जमा केली, पण या सामानाचं कुणालाच माहीत नव्हतं. मला यातून काडतूस भरायचं नाही. हे कसं चालायचं, केव्हाचं असेल ते समजून घ्यायचंय आणि जमलं तर शोकेसमध्ये ठेवायचंय, त्यांचा हात लागलेली एवढीच वस्तू उरलीय. एक मित्र म्हणतो चोर बाजारात दे, चांगले पैसे येतील, ते मला करायचं नाही.

प्रतिसाद:
दादा, हे काडतुसाचं तोंड बंद करायचं मशीन. बारूद, बुच, छर्रे आणि वरची पुठ्ठ्याची चकती भरून झाली की काडतूस नळीत ठेवून दांड्याने पुढे दाबायचं आणि हँडल फिरवायचं, ती खाच पुठ्ठ्याची कड आत वळवते. १२ म्हणजे बोअर, बंदुकीच्या नळीच्या मापाची शिशाची गोळी केली तर एका पौंडात बारा बसतात. ड्रॅमचं माप काळ्या बारुदाच्या काळातलं, एक ड्रॅम म्हणजे पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. त्याच मापाने आजची धूर न करणारी पावडर भरली तर बंदुकीची नळी फुटू शकते, म्हणून 'चालवून बघू' हा विचारही नको.

आता महत्त्वाचं. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ च्या कलम २ मधल्या अ‍ॅम्युनिशनच्या (दारूगोळ्याच्या) व्याख्येत काडतुसांचे भाग येतात आणि ती बनवायची मशिनरीसुद्धा येते, बंदूक घरात नसली तरी. त्यामुळे विकू नका, कुरिअर करू नका, फोटो टाकून गिऱ्हाईक शोधू नका. आधी वकिलाला दाखवा, मग लेखी अर्ज करून क्रॉफर्ड मार्केटसमोर आयुक्तालयात विचारा, आजोबांचं जुनं लायसन आणि बंदूक जमा केल्याची पावती सोबत जोडा. आणि ट्रंकेत बारीक तांब्याच्या कॅप्स (काडतुसाच्या बुडात बसणाऱ्या, बारूद पेटवणाऱ्या टोप्या) दिसल्या तर हात लावू नका, घासू नका, सरळ पोलिसांना बोलवा, जुनी कॅप ठोका बसला की उडते.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. पावती काकांकडे आहे, आज फोन करतो. कॅप्स नाहीत, पण त्या रिकाम्या काडतुसांपैकी दोनांच्या बुडाला मधोमध खड्डा पडलाय आणि बाकीच्यांचं बूड सपाट आहे, म्हणजे त्या सपाट बुडाच्या काडतुसांत कॅप अजून जिवंत असू शकते का? ट्रंक सध्या जशीच्या तशी बंद ठेवलीय.